गॅरेजच्या दाराला बॅटरी बॅकअप लागतो का? आधी लाईट नसताना दार उघडून बघा, मग ठरवा

ओपनर (गॅरेजचं दार बटणावर उघडणारी-मिटणारी मोटर) घ्यायला गेलात की विकणारा म्हणतोच, बॅटरी बॅकअपवालाच घ्या, म्हणजे लाईट गेली तरी बॅटरीवर चालणारा, त्यात त्याचा धंदा आहे. दुसरीकडे "कशाला हवी बॅटरी, लाल दोरी ओढली की दार हाताने उघडतं" असं सांगणारेही भेटतात, ते बहुतेक धडधाकट असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ती दोरी कधी ओढून बघितलेलीच नसते. दोघांचंही ऐकू नका, कारण उत्तर दोघांकडे नाहीये, ते तुमच्या दाराच्या वजनात, स्प्रिंगमध्ये, घराच्या रचनेत आणि घरात कोण कोण राहतं ह्यात आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरातला सगळ्यात कमी ताकदीचा माणूस, घरात एकटा असताना, अंधारात, ते दार उघडून गाडी बाहेर काढू शकत असेल आणि गॅरेजमध्ये शिरायला दुसरं एखादं दार असेल, तर बॅटरी ही सोय आहे, गरज नाही. ह्या दोनपैकी एकाचंही उत्तर "नाही" आलं तर बॅटरी (किंवा तिची जागा घेणारं काहीतरी) हवीच. आता हे शोधायचं कसं ते क्रमाने बघू.

पायरी १: लाईट गेल्यावर नेमकं काय होतं ते समजून घ्या

दार आणि ओपनर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बऱ्याच लोकांच्या डोक्यात नसतं. दाराचं वजन मोटर उचलत नाही, ते स्प्रिंग उचलते. दाराच्या वर आडव्या दांड्यावर गुंडाळलेली स्प्रिंग असते किंवा दोन्ही बाजूंच्या रुळांजवळ ताणलेल्या स्प्रिंगा असतात, त्या दाराचं जवळजवळ सगळं वजन पेलून धरतात आणि ओपनरची मोटर फक्त त्या तोललेल्या दाराला वर-खाली ढकलते. म्हणूनच एवढीशी मोटर एवढं मोठं दार हलवू शकते. पातळ पत्र्याचं एका गाडीचं दार साधारण ४०-६० किलो भरतं, दोन गाड्यांचं इन्सुलेशनवालं दार ७०-१०० किलोच्या आसपास आणि भरीव लाकडी असेल तर १५० किलोच्याही वर जाऊ शकतं.

गॅरेजच्या आत छताखालच्या पट्टीवर एक ट्रॉली सरकते, ती एका दांड्याने दाराला जोडलेली असते. लाईट गेली की मोटर थांबते आणि ट्रॉली आहे तिथेच धरून राहते, त्यामुळे बंद दार बंदच राहतं, बाहेरून कितीही जोर लावा, हलत नाही. चोरापासून बचावाच्या दृष्टीने हे चांगलं आहे, तुम्हाला बाहेर पडायच्या दृष्टीने नाही. ह्यावर उपाय म्हणून ट्रॉलीला लाल मुठीची दोरी लोंबत असते, ती ओढली की ट्रॉली मोटरपासून सुटते आणि दार निव्वळ स्प्रिंगच्या भरवशावर हाताने उचलता येतं.

म्हणजे लाईट नसताना तुमच्याकडे दोनच मार्ग, एक तर मोटरला दुसरीकडून वीज द्या, नाहीतर मोटर सोडवून हाताने उचला. सगळा निर्णय दुसरा मार्ग तुमच्या घरात खरोखर चालतो का ह्यावर आहे.

पायरी २: हाताने उघडायची परीक्षा

हीच पायरी लोक गाळतात आणि हीच सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दिवसाउजेडी करा. गाडी आधी बाहेर काढून ठेवा. दार पूर्ण बंद करा, मग ओपनरचा प्लग काढा. दार उघडं किंवा अर्धवट असताना लाल दोरी कधीही ओढू नका, कारण स्प्रिंग कमजोर झालेली किंवा तुटलेली असेल तर ट्रॉली सुटताक्षणी ते अख्खं वजन धाडकन खाली येतं आणि खाली कोणी असेल तर विचारायलाच नको.

आता दोरी खाली ओढा. काही ओपनरमध्ये सरळ खाली, काहींमध्ये खाली आणि थोडी मागे ओढावी लागते, खट् असा आवाज येतो आणि ट्रॉलीचा खटका सुटलेला दिसतो. नाही सुटलं तर दाराला किंचित वर रेटून परत ओढा, कधीकधी दाराचा दाब खटक्यावर असतो म्हणून तो अडकून बसतो. ओपनर बसल्यापासून कधी ओढलीच नसेल तर चांगली घट्टही झालेली असते.

मग दाराच्या आतल्या मुठीला धरून उचला. दार ज्या आडव्या पत्र्यांचं बनलेलं असतं त्यांच्या सांध्यात बोटं घालू नका, दार वळताना ते सांधे मिटतात आणि बोटं चेचतात. नीट तोललेलं दार एका हाताने, फार जोर न लावता वर जायला पाहिजे. गुडघ्याएवढं उचलून हात थोडा सैल करा (पूर्ण सोडू नका), मग कमरेएवढं, मग खांद्याएवढं. कमरेच्या आसपास दार स्वतःहून थांबून राहिलं, फार तर इंचभर इकडेतिकडे सरकलं, तर स्प्रिंग ठीक आहे. खाली घसरायला लागलं तर स्प्रिंग ढिली पडलीय, आपोआप वर पळालं तर जास्त ताणलीय.

आता खरी परीक्षा. तुम्ही उचललंत ह्याला काही अर्थ नाही. घरात जे जे एकटे राहू शकतात त्या प्रत्येकाला करायला सांगा, आईला, वडिलांना, आजीला, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला. दोरीपर्यंत हात पोचतो का? ती मूठ जमिनीपासून साधारण ६ फुटांवर असते पण मध्ये गाडी उभी असेल तर दोरी बरोबर गाडीच्या टपावर येते, मग बुटक्या माणसाने ओढायची कशी? गाडी आत असताना दोरीखाली उभं राहायला जागा उरते का? टॉर्च कुठे ठेवलाय? दार वर नेऊन गाडी बाहेर काढेपर्यंत ते वर थांबतं का? आणि बाहेर जाऊन परत खाली ओढायला खालच्या बाजूला मूठ किंवा दोरी आहे का? ज्यांना पाठीचा, खांद्याचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी ही परीक्षा द्यायचीही गरज नाही, त्यांचं उत्तर "नाही" असंच धरा.

सगळं झालं की दार बंद करून खटका परत जोडा. बहुतेक ठिकाणी दोरी दाराच्या दिशेने ओढली की खटका जोडायच्या स्थितीत येतो, मग प्लग लावून ओपनर एकदा चालवला की ट्रॉली येऊन आपोआप अडकते. तुमच्या मॉडेलची पद्धत माहितीपत्रकात असते, नसेल तर कंपनीच्या साईटवर मिळते.

दार जड लागलं म्हणून लगेच बॅटरी घ्यायला पळू नका. जड लागतंय म्हणजे स्प्रिंगचं काम आहे, आणि स्प्रिंगचं काम बॅटरी करत नाही. साध्या स्प्रिंगांचं आयुष्य साधारण १०,००० फेऱ्यांचं धरतात, एकदा उघडून बंद म्हणजे एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या होत असतील तर वर्षाला १,४६० होतात, म्हणजे सात वर्षांच्या आतच हिशोब संपला. तुमचं दार त्याहून जुनं असेल आणि स्प्रिंग कधी बदललेली नसेल तर आधी ती बघून घ्या, आणि ते काम माहितगाराकडूनच करून घ्या. ताणलेल्या स्प्रिंगमध्ये हात मोडेल एवढी ताकद साठलेली असते, व्हिडिओ बघून करायचं काम नाहीये ते.

पायरी ३: आत शिरायचं कुठून?

ही छोटी पायरी आहे पण काही लोकांचा निर्णय इथेच होऊन जातो. लाल दोरी आतल्या बाजूला आहे. तुम्ही बाहेर असाल आणि लाईट गेली असेल तर त्या दोरीचा उपयोग शून्य.

गॅरेज घराला लागून असेल आणि घराच्या मुख्य दाराने आत येऊन गॅरेजमध्ये जाता येत असेल तर अडचण नाही, फक्त मुख्य दाराची किल्ली खरंच सोबत असते का ते बघा. रोज गॅरेजमधूनच जा-ये करणाऱ्या कित्येकांच्या जुडग्यात घराची किल्लीच नसते, रिमोट हीच त्यांची किल्ली. त्यांच्यासाठी लाईट जाणं म्हणजे रस्त्यावर उभं राहणं.

गॅरेज घरापासून सुटं असेल आणि त्याला हे मोठं दार सोडून दुसरं दारच नसेल तर मात्र बाहेरून किल्लीने मोटर सोडवायची सोय हवी. दारात एक छोटं गोल कुलूप बसवतात, किल्ली फिरवून ते बाहेर ओढलं की मागे जोडलेली तार आतला खटका सोडवते. ही वस्तू बॅटरीपेक्षा खूप साधी आहे, आणि बॅटरी असली तरी बसवा, कारण बॅटरीही कधीतरी मरतेच. दुसरं दार नसलेल्या गॅरेजला हे कुलूपही नाही आणि बॅटरीही नाही, अशी अवस्था ठेवू नका.

पायरी ४: लाईट जाते तेव्हा घरात कोण असतं?

लाईट किती वेळा जाते हे लोक मोजत बसतात. मला विचाराल तर ती कधी जाते आणि का जाते ते जास्त महत्त्वाचं. वर्षातून अनेकदा पाच-दहा मिनिटं जाणारी लाईट त्रासाची आहे, धोक्याची नाही, थांबलात तरी चालतं. वादळात, पुरात, वणव्यात जाणारी लाईट मात्र नेमकी तेव्हाच जाते जेव्हा तुम्हाला घर सोडायचं असतं, भले ते पाच वर्षांतून एकदा असो.

ह्याचं खरंखुरं उदाहरण कॅलिफोर्नियाचं आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या उत्तर भागात रात्रीच्या वेळी वणवे पसरले, वीज गेली आणि काही लोक, त्यातही वयस्कर माणसं, गॅरेजचं दार उघडता न आल्याने अडकली, त्यात जीवही गेले. गाडी होती, पेट्रोल होतं, फक्त दार उघडत नव्हतं. त्यानंतर तिथे सिनेट बिल ९६९ म्हणून ओळखला जाणारा कायदा २०१८ मध्ये झाला आणि १ जुलै २०१९ पासून लागू झाला, त्यानुसार घरगुती गॅरेजसाठी विकला किंवा बसवला जाणारा नवा ओपनर बॅटरी बॅकअपवालाच लागतो, आणि नुसतं दार बदललं तरी ते बॅटरी नसलेल्या जुन्या ओपनरला जोडता येत नाही. म्हणजे तुम्ही तिथे राहत असाल तर हा लेख तुम्हाला ठरवायला नाही, फक्त नीट निवडायला उपयोगी आहे. इतर ठिकाणी ओपनर बसवणाऱ्याला स्थानिक नियम विचारून घ्या, एका प्रश्नाचं काम आहे.

बाकी घरांमध्ये ह्या परिस्थितीत मी "बॅटरी घ्याच" म्हणेन: व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती घरात आहे आणि गॅरेजचा उतार हाच तिचा बाहेर पडायचा रस्ता आहे, कोणाला डायलिसिससारख्या ठरलेल्या वेळेच्या उपचाराला जावं लागतं, घरात म्हातारी माणसं एकटी राहतात, कोणाची नोकरी अशी आहे की रात्री फोन आला की निघायचं, किंवा तुम्ही वणवा-पूर-वादळाच्या पट्ट्यात राहता. ह्यातलं एकही लागू नसेल आणि पायरी २ व ३ पास असतील तर तुमचं चांगलं चाललंय, आहे ते ठेवा.

पायरी ५: घरात आधीच बॅकअप आहे का?

बऱ्याच घरात इन्व्हर्टर असतो, जनरेटर असतो किंवा सोलरसोबत मोठी बॅटरी असते, मग ओपनरला वेगळी बॅटरी कशाला? बरोबर आहे, पण गॅरेजचा प्लग त्या बॅकअपच्या सर्किटवर आहे का हे बघितलंय का? बहुतेक वेळा वायरिंग करताना दिवे, पंखे, फ्रिज, राउटर एवढंच बॅकअपवर घेतात आणि गॅरेज राहून जातं. तपासणं सोपं आहे, मेन स्विच बंद करा, बॅकअप चालू होऊ द्या आणि रिमोट दाबा. आणि हो, नुसतं सोलर असेल, बॅटरी नसेल, तर ग्रिडची लाईट गेली की सुरक्षेसाठी तेही बंद पडतं, छतावर कितीही ऊन असलं तरी.

मोटर कुठली आहे त्यावरही अवलंबून आहे. जुन्या ओपनरमध्ये एसी मोटर (सरळ घरच्या लाईटवर चालणारी) असते, ती चालताना साधारण ४०० ते ६०० वॅट घेते पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट मागते. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस तो झटका सहन करत नाही, टूं करून बंद पडतो. त्यातून स्वस्त यूपीएस आणि इन्व्हर्टर शुद्ध साईन वेव्ह (घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लहरीची वीज) देत नाहीत, त्यावर एसी मोटर गुरगुरते, तापते, कधी हलतच नाही. तेव्हा बाहेरून वीज द्यायची असेल तर शुद्ध साईन वेव्हचा आणि सुरुवातीचा झटका पेलणारा इन्व्हर्टर हवा. हल्ली उचलून नेता येणारे लिथियम बॅटरीचे पॉवर स्टेशन मिळतात, त्यातला १,५०० वॅटच्या आसपासचा साईन वेव्हवाला बहुतेक घरगुती ओपनर चालवतो, फक्त अंधारात शिडीवर चढून छताजवळचा प्लग बदलायला कोणीतरी लागतं, म्हणजे ज्यांना दार उचलता येत नाही त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

जनरेटरबद्दल एकच, पण ठामपणे: तो गॅरेजच्या आत चालवायचा नाही. दार उघडं ठेवूनही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो घरात शिरतो. लाईट नसताना बंद गॅरेजमध्ये गाडी चालू करून बसण्याचंही तेच. आधी दार उघडा, मग गाडी चालू करा.

पायरी ६: आहे त्या ओपनरला बॅटरी लावता येते का?

मोटरच्या डब्याजवळ शिडी लावून बघा. लेबलवर डीसी मोटर (बॅटरीसारख्या विजेवर चालणारी) किंवा २४ व्होल्ट वगैरे लिहिलेलं आहे का, आणि डब्याच्या बाजूला किंवा मागे स्क्रूने बंद केलेलं छोटं झाकण आहे का? कंपन्या पुष्कळदा एकच मॉडेल बॅटरीसह आणि बॅटरीशिवाय विकतात, दुसऱ्यात बॅटरीची जागा आणि जोडणीच्या वायरी तयार असतात, फक्त बॅटरी आणून बसवायची. तसं असेल तर तुमचं काम स्वस्तात झालं. एसी मोटरवाल्या ओपनरला मात्र आतून बॅटरी लावायची सोय सहसा नसते, त्यासाठी जुगाड करत बसण्यापेक्षा ओपनर बदलायची वेळ येईपर्यंत पायरी ५ मधला पर्याय बघा.

दाराच्या बाजूला भिंतीवर बसणारे ओपनर असतात, त्यांची बॅटरी वेगळ्या डब्यात भिंतीवर लागते. त्यांच्यासोबत बऱ्याचदा विजेवर चालणारी कडीही असते जी दार बंद झालं की रुळात आपोआप सरकते. लाईट गेल्यावर ती कडी हाताने मागे ओढायची असते, आणि हे घरात कोणालाच माहीत नसतं, मग लाल दोरी ओढूनही दार का उघडत नाही म्हणून झटापट चालते. तुमच्याकडे ती आहे का बघा आणि सगळ्यांना दाखवून ठेवा.

पायरी ७: नवा घेताना आकड्यांकडे कसं बघायचं

जाहिरातीत लिहितात "लाईट गेल्यावर २४ तासांत २० फेऱ्या", कुठे ५०. हा आकडा नव्या, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा आणि नीट तोललेल्या दाराचा असतो. पण त्यातला "२४ तासांत" हा भाग नीट वाचा, कारण बॅटरी दार उघडण्यात जेवढी खर्च होते जवळजवळ तेवढीच नुसतं जागं राहून रिमोटची वाट बघण्यात होते.

ढोबळ हिशोब करून बघू. सर्रास मिळणारी बॅटरी १२ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची, म्हणजे तिच्यात साठलेली वीज १२ गुणिले ५, ६० वॅट-तास. बॅटरीवर चालताना मोटर सावकाश चालते, समजा १५० वॅट घेऊन २० सेकंदात दार वर गेलं तर एका वेळेला साधारण ०.८ वॅट-तास, वर-खाली मिळून १.७ च्या आत. वीस फेऱ्यांचे झाले ३३-३४. आता रिमोटचा रिसीव्हर आणि सर्किट मिळून १ वॅट जरी घेत असलं तरी २४ तासांत २४ वॅट-तास गेले. बेरीज ५८ च्या आसपास, बॅटरी संपली. म्हणजे दार एकदाही न उघडता दोन-अडीच दिवस काढले तरी तिसऱ्या दिवशी ती मेलेलीच असणार. तुमच्याकडे लाईट गेली की तीन-तीन दिवस जाते असं असेल तर ओपनरच्या बॅटरीवर विसंबू नका, पहिल्या दिवशी ती उपयोगी, नंतर लाल दोरी.

घेताना आणखी काय बघायचं, तर बॅटरी कुठलीही सारख्या मापाची चालते का फक्त कंपनीचीच लागते, ती बदलायला शिडीवर किती पसारा करावा लागतो, आणि तुमच्या दाराच्या वजनाला ओपनर पुरतो का. ओपनर आणि दाराचं माप जुळत नसेल तर बॅटरी कसली आहे ह्याने काही फरक पडत नाही. शिसं-आम्लाची बॅटरी असेल तर २-३ वर्षांत बदलावी लागणार हे धरूनच चाला, उन्हाने तापणाऱ्या गॅरेजमध्ये त्याआधीच. ह्या बॅटऱ्यांचा ढोबळ नियम असा की तापमान कायम १० अंशांनी जास्त राहिलं की आयुष्य निम्म्यावर येतं. कडाक्याच्या थंडीत आयुष्याला धक्का नाही पण त्या दिवशीची क्षमता घटते, आणि ग्रीस गोठून दारही जड चालतं, दोन्ही एकदम.

आणि बॅटरी असूनही ज्या गोष्टी होणार नाहीत त्या आत्ताच माहीत असू द्या. तुटलेली स्प्रिंग असताना दार उघडणार नाही (आणि बटण दाबत बसलात तर मोटर जाईल). निसटलेली तार, वाकलेला रूळ, रिमोटमधला संपलेला सेल, हे सगळं तसंच राहतं. बॅटरीवर असताना ओपनरचे दिवे सहसा लागत नाहीत, ठराविक वेळाने आपोआप बंद व्हायची सोय बहुतेक ठिकाणी थांबते, आणि घरचा राउटर बंद पडलेला असल्यामुळे फोनवरच्या ॲपनेही दार उघडत नाही. म्हणजे फक्त ॲप वापरणाऱ्याने एक साधा रिमोट गाडीत ठेवायचाच.

पायरी ८: बसवल्यानंतर

नवी बॅटरी जोडली की पूर्ण चार्ज व्हायला साधारण एक दिवस लागतो, लगेच परीक्षा घेऊ नका. जोडताना लाल वायर धन टोकाला, काळी ऋण टोकाला, ओपनरचा प्लग आधी काढून. बॅटरीवर मार्करने महिना आणि वर्ष लिहून ठेवा, दोन वर्षांनी हे कोणाच्या लक्षात राहतं?

दुसऱ्या दिवशी ओपनरचा प्लग काढा आणि रिमोट दाबा. दार नेहमीपेक्षा हळू जाईल, मोटरच्या डब्यावरचा दिवा रंग बदलेल आणि ओपनर टुक टुक करायला लागेल, घाबरू नका, तो बॅटरीवर चालतोय हे सांगतोय. दोन-तीन वेळा वर-खाली करा. दार बंद होत असताना खालच्या सेन्सरसमोर (वाटेत काही आलं तर दार थांबवणारा) झाडूचा दांडा धरा, दार थांबून परत वर गेलं पाहिजे, बॅटरीवर असतानाही. हे नाही झालं तर आधी सेन्सर दुरुस्त करा. मग प्लग परत लावा, लावायला विसरू नका, विसरलात तर दोन दिवसांनी टुकटुक आठवण करून देईलच.

ही परीक्षा दर दोन-तीन महिन्यांनी करा. बॅटरी हळूहळू मरते आणि एरवी लाईट असताना त्याचा पत्ताही लागत नाही. ओपनर दर अर्ध्या मिनिटाला एकदा वाजतोय आणि दिवा लाल दिसतोय असं झालं तर बहुतेक मॉडेलमध्ये त्याचा अर्थ बॅटरी बदला. इथे होतं काय, लोक त्या आवाजाला कंटाळून बॅटरीची वायरच काढून टाकतात, "नंतर बघू" म्हणून, आणि पुढची चार वर्षं बॅकअप असलेल्या ओपनरचा फुकटचा भरवसा बाळगून बसतात. कोणाचं जुनं घर विकत घेतलं असेल तर झाकण उघडून बघाच, आत वायर सुटी लोंबत असायची शक्यता बरीच आहे. आणि दिवा-आवाज येतोय पण घरात लाईट आहे असं दिसलं तर आधी गॅरेजच्या प्लगचा ब्रेकर किंवा सेफ्टी सॉकेट पडलंय का बघा, ओपनरच्या दृष्टीने तीही लाईट गेलेलीच असते.

घर महिनोनमहिने बंद ठेवून वीजही बंद करून जाणार असाल तर बॅटरीची वायर सोडवून जा, कारण शिसं-आम्लाची बॅटरी रिकामी होऊन तशीच पडून राहिली की कायमची खराब होते. आणि लाल दोरी ओढून हाताने दार उघडून गेलात तर एक लक्षात असू द्या, खटका सुटलेला असेपर्यंत ते दार बाहेरून कोणालाही उचलता येतं, तेव्हा घर सोडून जाताना आतली कडी लावा किंवा खटका परत जोडा. कडी लावलीत तर लाईट आल्यावर बटण दाबायच्या आधी ती काढायची, नाहीतर मोटर कडीशी भांडते आणि वरचा पत्रा वाकतो.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि आम्ल असतं, दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानात द्या.